विशेष चिन्हे, शेल आणि शब्दसंग्रह : जव्हार-मोखाड्याच्या निमित्ताने

१. प्रश्नाचे स्वरूप

बोलींचे संकलन करणाऱ्या अभ्यासकाची वही आता बहुतांशी संगणकात गेली आहे. क्षेत्रात टिपलेले शब्द, वाक्ये, निवेदकांविषयीची माहिती आणि ध्वनिमुद्रणांची नावे ही सर्व सामग्री फाइलींमध्ये साठविली जाते. शेकडो फाइलींवर एकच संस्कार करावयाचा असला, म्हणजे शेलची लहानशी स्क्रिप्ट लिहून काम भागविण्याची प्रथा विद्यार्थ्यांतही रूढ झाली आहे. शेल म्हणजे युनिक्स व लिनक्स या प्रणालींत वापरणाऱ्याची आज्ञा वाचून ती यंत्राकडून पार पाडून घेणारा दुभाषी होय. बेल प्रयोगशाळेतील स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ च्या युनिक्सबरोबर प्रसृत झाला. आज बहुधा वापरला जाणारा बॅश हा शेल ब्रायन फॉक्स यांनी रचला व तो १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला.

या दुभाष्याच्या भाषेत काही चिन्हांना विशेष अधिकार आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास येथे एक विलक्षण योगायोग आढळेल. आपल्या शास्त्राने संकेतांसाठी जी चिन्हे निवडली, जवळजवळ तीच चिन्हे शेलनेही निवडली आहेत. ऐतिहासिक व्याकरणात तारका (*) ही पुनर्रचित, लेखी पुरावा नसलेल्या रूपापूर्वी येते आणि वाक्यविचारात ती अव्याकरणिक वाक्यापूर्वी येते. शेलला तिचा अर्थ ‘या फोल्डरातील सर्व फाइली’ असा समजतो. आपण संदिग्ध रूपापुढे प्रश्नचिन्ह (?) घालतो, शेल त्याचा अर्थ ‘कोणतेही एक अक्षर’ असा करतो. चौकटी कंस ([ ]) आपल्याकडे प्रत्यक्ष उच्चार दाखवितात, तिकडे ते अक्षरांचा पर्यायगट दाखवितात. ध्वनिपरिवर्तन दाखविणारे चिन्ह (>) तेथे ‘निष्पत्ती या फाइलीत लिही’ अशी आज्ञा होते, आणि ती फाइल आधीपासून असल्यास तिच्यातील मजकूर प्रथम पुसला जातो. शब्दसीमेचे चिन्ह (#) तेथे टीप सुरू करते. सारांश, भाषाशास्त्रीय टिपणाइतका शेलला चकविणारा मजकूर दुसरा क्वचितच सापडेल.

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे तालुके येथे उदाहरणासाठी घेतले आहेत, त्यास कारण आहे. जव्हार हे मुकणे घराण्याचे कोळी संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा प्रदेश नव्या पालघर जिल्ह्यात आला. एका बाजूस दादरा व नगर हवेली आणि गुजरात, दुसऱ्या बाजूस नाशिक जिल्हा, अशा सीमेवरील या डोंगराळ भागात वारली, कोकणा, क-ठाकूर, म-ठाकूर, महादेव कोळी व कातकरी या जमाती शेजारीशेजारी राहतात, आणि त्यांच्या बोली परस्परांवर व प्रमाण मराठीशी सतत घासत असतात. अशा ठिकाणी घेतलेल्या नोंदी पुन्हा जशाच्या तशा मिळत नाहीत. एखाद्या वृद्ध निवेदिकेने एका दिवशी उच्चारलेले वाक्य ही एकदाच घडलेली गोष्ट असते. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये निघाला; अमृत माधव घाटगे यांच्या बोलीसर्वेक्षणाचे ग्रंथ १९६३ पासून प्रसिद्ध होऊ लागले. त्या काळी कागदावर लिहिलेली तारका कोणाची नोंद पुसून टाकीत नव्हती. अलीकडे डेक्कन महाविद्यालय व राज्य मराठी विकास संस्था यांनी केलेल्या सर्वेक्षणासारखी कामे संगणकाच्या आधारे होतात, आणि म्हणूनच चिन्हांचा हा प्रश्न आता संकलकाचाही झाला आहे.

प्रस्तुत लेखातील एका लेखनसंकेताचा येथेच उल्लेख करणे अवश्य आहे. आज्ञांची व चलांची नावे, अक्षरे आणि अंक येथे देवनागरीत दिले आहेत. यंत्रावर ते रोमन लिपीत लिहावयाचे असतात. विरामचिन्हे व अन्य खुणा मात्र आहेत तशाच आहेत, आणि विवेचनाचा विषयही त्याच आहेत.

२. उल्लेख आणि वापर

प्रश्नाचे मूळ व्याकरणाच्या अभ्यासकास अपरिचित नाही. ‘विस्तव आण’ असे कोणी म्हटले, तर आपण निखारे आणतो. ‘विस्तव’ हा शब्द आणीत नाही. परंतु ‘विस्तव या शब्दाला प्रत्यय लाव’ असे म्हटले, तर निखाऱ्याला प्रत्यय लावण्यास कोणी धावत नाही. पहिल्या ठिकाणी शब्दाचा वापर आहे, दुसऱ्या ठिकाणी उल्लेख आहे. पाणिनीने हा भेद इतका महत्त्वाचा मानला की, अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादात, अडुसष्टाव्या सूत्रात, त्यासाठी स्वतंत्र परिभाषा केली : व्याकरणात उच्चारलेला शब्द, तो पारिभाषिक संज्ञा नसल्यास, स्वतःच्या रूपाचाच बोध करून देतो.

बोलताना हा भेद संदर्भाने कळतो, आणि मराठीत त्यास ‘की’, ‘असे’, ‘म्हणून’ या शब्दांचा आधार मिळतो. ‘की’ने उद्धृताचा आरंभ कळतो, ‘असे’ अथवा ‘म्हणून’ याने शेवट कळतो. दोन्ही टोके एकाच वेळी खुणावलीच पाहिजेत असा नियम भाषेत नाही. ‘मी उद्या येतो म्हणून गणू सांगत होता’ या वाक्यात ‘मी’ कोण हे ऐकणारा जाणतो. लेखनात अवतरणचिन्हे आली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर थॉमस कँडी यांच्या काळापासून. मोडीत तर शब्दांमध्ये जागा सोडण्याचीही चाल नव्हती. वाचणारा अर्थावरून पदच्छेद करीत असे.

शेलला अर्थ कळत नाही. त्याला केवळ खुणांवरून पदच्छेद करता येतो, आणि त्याच्या दृष्टीने सर्वात पहिली खूण म्हणजे दोन शब्दांमधील मोकळी जागा. आज्ञा देणारा कोण आणि ज्याचा मजकूर घेतला तो निवेदक कोण, हा भेद आपण अवतरणाने दाखविला नाही, तर निवेदकाचे शब्द आज्ञेत मिसळून जातात. विशेष चिन्हांपासून सुरक्षितता या नावाने जे काही सांगितले जाते, त्याचे सार एवढेच आहे : जे उल्लेखिले आहे ते वापरले जाऊ नये.

३. चिन्हे जागी होण्याच्या तीन वाटा

बहुतेक नवशिक्या अभ्यासकांना सर्वच विशेष चिन्हे सर्वत्र सारखीच घातक वाटतात. ही समजूत बरोबर नाही, आणि तिच्यामुळे जेथे भय नाही तेथे खटाटोप व जेथे भय आहे तेथे बेफिकिरी असा प्रकार होतो. मजकूर शेलपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचला, यावर त्यातील कोणती चिन्हे जागी होणार हे अवलंबून असते.

पहिली वाट म्हणजे मजकूर आज्ञेतच प्रत्यक्ष लिहिणे. एखाद्या विद्यार्थ्याने ‘हात’ या शब्दाची व्युत्पत्ती पडद्यावर उमटविण्यासाठी पुढील ओळ लिहिली असे समजू :

एको हस्त > हत्थ > हात

पडद्यावर काहीच दिसणार नाही. शेल ‘हत्थ’ नावाची रिकामी फाइल निर्माण करील आणि ‘हात’ नावाच्या फाइलीत ‘हस्त’ एवढा एकच शब्द लिहील. ‘हात’ या नावाने शरीरावयवांच्या शब्दांची यादी आधीच साठविलेली असेल, तर ती या ओळीने नष्ट होईल, आणि शेल त्याबद्दल एक शब्दही बोलणार नाही. या वाटेवर शेलची सर्व चिन्हे जागी असतात : अर्धविराम, उभा दंड, ‘&’, ‘$’, कंस, अवतरणे, उलटी तिरपी रेघ, सर्व काही.

दुसरी वाट म्हणजे मजकूर चलात ठेवून ते चल अवतरणाशिवाय वापरणे. निवेदकाचे अथवा विद्यार्थ्याचे आदान ‘वाक्य’ या चलात आहे आणि त्याचे मूल्य ‘* मी जातो आहेत’ असे अव्याकरणिक उदाहरण आहे, असे धरू. आता :

एको $वाक्य

येथे शेल चलाच्या जागी त्याचे मूल्य ठेवतो आणि त्यानंतर दोनच संस्कार करतो. मोकळ्या जागांवर मूल्याचे तुकडे पाडतो, आणि प्रत्येक तुकड्यातील तारका, प्रश्नचिन्ह व चौकटी कंस यांचा फाइलींच्या नावांशी मेळ घालतो. परिणामी सुटी तारका जाऊन तिच्या जागी फोल्डरातील सर्व फाइलींची नावे येतात. अर्धविराम, ‘>’, ‘$’ अथवा अवतरणचिन्ह मूल्यात असले तरी या वाटेवर ते निद्रिस्तच राहते, कारण आज्ञेचा पदच्छेद मूल्य ठेवण्यापूर्वीच पूर्ण झालेला असतो.

या दुसऱ्या वाटेचे खरे भय असे की, तिचा दोष नेहमी दिसत नाही. ‘हात?’ ही संदिग्ध नोंद घ्या. मेळ बसणारी फाइल फोल्डरात नसेल, तर बॅश नोंद जशीच्या तशी पुढे पाठवितो व स्क्रिप्ट निर्दोष आहे असे वाटते. पुढे कधी ‘हाती’ नावाची फाइल त्या फोल्डरात आली, की ‘हात?’ या नोंदीच्या जागी मुकाट्याने ‘हाती’ हा शब्द जाऊन बसतो. संदिग्ध रूपाचे निश्चित रूप झाले. तेही निवेदकाच्या साक्षीने झाले नाही, एका फाइलीच्या नावावरून झाले. अशी चूक शब्दकोशापर्यंत पोहोचल्यावर ती शोधून काढणे जवळजवळ अशक्य असते. मोकळ्या जागेचेही तसेच. ‘मोखाडा यादी’ या नावाची फाइल पुसण्यासाठी अवतरणाशिवाय चल वापरले, तर शेल ‘मोखाडा’ आणि ‘यादी’ अशा दोन फाइली पुसावयास निघतो. आणि त्या नावांच्या फाइली दुर्दैवाने असल्या, तर त्या जातात व जी पुसावयाची होती ती राहते.

तिसरी वाट सर्वांत घातक आहे. मजकूर आज्ञेच्या शब्दांना जोडून एक नवी आज्ञा तयार करणे, आणि ती शेलकडे दुसऱ्यांदा वाचावयास देणे, ही ती वाट होय. ‘ईव्हॅल’ ही आज्ञा, ‘एसएच -सी’ हा प्रयोग, ‘एसएसएच’ने दूरच्या यंत्रास दिलेली आज्ञा, हे सर्व याच वर्गातले. दुसऱ्या वाचनाच्या वेळी पहिले अवतरण खर्ची पडलेले असते, आणि मजकुरातील एकूण एक चिन्ह जागे होते. पालघर जिल्ह्यातच, वसईकडे, डि'मेलो व डि'सूझा अशी आडनावे रोमन लिपीत वरच्या स्वल्पविरामासह लिहिली जातात. संकलकाचे नाव म्हणून असे आडनाव चलात असेपर्यंत पूर्णपणे निरुपद्रवी असते. ते एकेरी अवतरणात जोडून नवी आज्ञा रचली, की नावातील खूण अवतरण बंद करते आणि उरलेले आडनाव उघड्यावर पडते. प्रामाणिक माणसाच्या नावाने येथे स्क्रिप्ट मोडते. अप्रामाणिक मनुष्य त्याच फटीतून, अवतरण बंद करून, अर्धविरामापुढे आपली आज्ञा लिहितो आणि यंत्र ती अभ्यासकाच्या अधिकाराने पार पाडते.

उल्लेखिलेला मजकूर वापरला गेल्याचे सर्वांत मोठे उदाहरण २४ सप्टेंबर २०१४ रोजी जगापुढे आले. स्टेफान शाझेला यांना बॅशमध्ये सापडलेला आणि ‘शेलशॉक’ या नावाने प्रसिद्ध झालेला तो दोष असा होता : परिसरातील चलाच्या मूल्यात एखाद्या फंक्शनची व्याख्या असली, तर बॅश ती वाचून घेत असे, परंतु व्याख्या संपल्यावर तो तेथे थांबत नसे, पुढचा मजकूरही आज्ञा म्हणून पार पाडीत असे. उद्धृत कोठे संपते हे न ओळखणे, एवढाच हा दोष होता. तो सुमारे पंचवीस वर्षे कोणाच्या ध्यानात आला नाही.

४. जुने फॉन्ट आणि देवनागरी

आपला सर्व मजकूर देवनागरीत असल्याने हा प्रश्न आपणांस लागू नाही, असा एक आक्षेप संभवतो. युनिकोडपुरता तो अर्धा खरा आहे. युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेतचिन्हास तीन बाइट लागतात, आणि त्या तिन्हींचे मूल्य १२८ किंवा त्याहून अधिक असते. शेलची सर्व विशेष चिन्हे १२८ च्या आतील आहेत. त्यामुळे कोणत्याही मराठी अक्षराच्या पोटात शेलचे चिन्ह दडलेले असू शकत नाही. जपानी भाषेसाठी रूढ असलेल्या शिफ्ट-जेआयएस या पद्धतीला हे भाग्य लाभले नाही : तिच्यात कित्येक अक्षरांचा दुसरा बाइट उलट्या तिरप्या रेघेचाच असतो.

परंतु युनिकोडपूर्वीच्या काळात टंकलिखित झालेल्या शब्दयाद्या आजही आपल्या संग्रहांत आहेत, आणि त्यांची स्थिती अगदी निराळी आहे. कृतिदेवसारख्या फॉन्टात देवनागरीची वळणे रोमन अक्षरांच्या व विरामचिन्हांच्या जागी बसविलेली असतात. डोळ्यांना मराठी दिसते. यंत्रास विरामचिन्हे दिसतात. कृतिदेवमध्ये ‘य’ हे अर्धविरामाच्या जागी आहे, अर्धा ‘श’ एकेरी अवतरणाच्या, अर्धा ‘ष’ दुहेरी अवतरणाच्या, ‘झ’ हा ‘>’ या चिन्हाच्या, ‘द्य’ हा उभ्या दंडाच्या आणि अर्धा ‘ख’ डाव्या चौकटी कंसाच्या जागी आहे. स्वल्पविराम उजव्या चौकटी कंसाच्या जागी येतो.

याचे परिणाम जव्हारच्या यादीवर लावून पाहावेत. ‘विद्यालय’ या एका शब्दात उभा दंड व अर्धविराम अशी दोन्ही चिन्हे आहेत. पहिल्या अथवा तिसऱ्या वाटेने तो शेलपुढे आला, तर एका शब्दाच्या दोन आज्ञा होतात. ‘आश्रमशाळा’ या शब्दात एकटे अवतरणचिन्ह आहे. शेल ते मिटण्याची वाट पाहत स्तब्ध राहील. ‘शासकीय आश्रमशाळा’ असे म्हटले, तर दोन्ही शब्दांतील ‘श’ एकमेकांचे जोडीदार ठरतात, आणि ‘शासकीय’मधील ‘य’चा अर्धविराम योगायोगाने अवतरणाच्या आत सुरक्षित राहतो. ‘मोखाडा’ या नावात डावा चौकटी कंस आहे; एकटा असेपर्यंत तो काही करीत नाही. त्याच्यापुढे स्वल्पविराम आला, की कंस पूर्ण होतो, आणि दुसऱ्या वाटेवरही शेल त्याला अक्षरांचा पर्यायगट समजून फाइलींशी मेळ घालू लागतो. तेव्हा जुन्या याद्या शेलच्या स्क्रिप्टेत घेण्यापूर्वी त्यांचे युनिकोडात रूपांतर करावे, आणि ते होईपर्यंत अवतरणाच्या नियमांत यत्किंचितही सवलत घेऊ नये.

५. चिन्हे गाळणे हा उपाय नव्हे

घातक चिन्हांची यादी करावी आणि आदानातून ती गाळून टाकावीत, हा उपाय प्रथमदर्शनी सोपा वाटतो. त्यावर दोन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप असा की, अशी यादी पूर्ण होत नाही. १९९६ मध्ये महाजालाच्या सेवकयंत्रांवरील ‘पीएचएफ’ नावाच्या प्रोग्रॅमातील दोष गाजला. त्यात शेलची चिन्हे निष्प्रभ करणारे फंक्शन होते. त्याच्या यादीत फक्त नवी ओळ सुरू करणारे अदृश्य चिन्ह राहून गेले होते. तेवढ्या एका चिन्हाच्या आधारे परक्यांनी आपल्या आज्ञा त्या यंत्रांवर चालविल्या.

दुसरा आक्षेप आपल्या शास्त्राच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. गाळलेले चिन्ह हा पुराव्याचा भाग असतो. तारका काढली, की अव्याकरणिक वाक्य व्याकरणिक ठरते. प्रश्नचिन्ह काढले, की शंका निश्चिती होते. देवनागरीत तर यापुढचा धोका आहे. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र युनिकोडात दोन प्रकारांनी लिहिता येतो : एक, नुक्तायुक्त ‘ऱ’ योजून, आणि दुसरा, साध्या ‘र’पुढे हलन्त व जोडणारे एक अदृश्य चिन्ह घालून. अदृश्य चिन्हे संशयास्पद म्हणून गाळणाऱ्या स्क्रिप्टेतून दुसऱ्या प्रकारचे लेखन गेले, म्हणजे ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. जव्हारच्या डोंगरांतील दऱ्यांच्या जागी समुद्र उभा राहतो, आणि यादीवर चुकीची खूणही उरत नाही. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांचीही अशीच गल्लत होते. रोमन वर्णमालेतील अक्षरेच ग्राह्य धरणारी तपासणी तर संपूर्ण मराठी मजकूर नाकारील.

यास्तव तपासणी करावयाची असेल, तर ती जेथे मूल्यांचा संच मुळातच मर्यादित आहे तेथे करावी : तालुक्याचे नाव, निवेदकाचे वय, प्रश्नावलीचा क्रमांक. अशा ठिकाणी ग्राह्य मूल्ये कोणती ते आधी सांगावे, आणि त्यांत न बसणारे आदान दुरुस्त न करता परत करावे. निवेदकाचा शब्द मात्र जसा आला तसाच ठेवावा आणि अवतरणाने सांभाळावा.

६. व्यवहाराचे नियम

पुढील नियम याच एका तत्त्वातून निघतात.

(१) चल वापरताना ते नेहमी दुहेरी अवतरणात घ्यावे : "$वाक्य". दुहेरी अवतरणात ‘$’, उलटा स्वल्पविराम (`) व उलटी तिरपी रेघ ही स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने लिहिलेली चिन्हे जागी राहतात. परंतु चलातून आलेल्या मूल्याचे पुन्हा वाचन होत नाही, तुकडे पडत नाहीत व फाइलींशी मेळही घातला जात नाही. एकेरी अवतरणात सर्वच चिन्हे निष्प्रभ होतात. स्क्रिप्टेत स्वतः लिहिलेली उदाहरणे त्यात ठेवावीत.

(२) आदानाची ओळ वाचताना पुढील रूप वापरावे :

आयएफएस= रीड -आर वाक्य

‘-आर’ नसेल तर उलटी तिरपी रेघ वाचतानाच गिळली जाते. ‘आयएफएस’ रिकामे ठेवले नाही, तर ओळीच्या आरंभीची व शेवटची मोकळी जागा नाहीशी होते. रूपनिर्देशाच्या ओळी एकाखाली एक जुळवून लिहिणाऱ्यांना या जागेचे मोल सांगावयास नको.

(३) मजकूर उमटविण्यास ‘एको’ऐवजी ‘प्रिंटएफ’ योजावे, आणि त्याचा साचा आपण ठरवावा; आदान साच्याच्या जागी ठेवू नये :

प्रिंटएफ '%एस\एन' "$वाक्य"

(४) प्रत्ययांची नोंद आपण ‘-ला’, ‘-ने’, ‘-चा’ अशी आडव्या रेघेने सुरू करतो. आज्ञांना अशी रेघ म्हणजे पर्यायाची खूण वाटते, आणि अवतरणाने हा दोष जात नाही, कारण येथे चुकीचे वाचन शेल करीत नाही, आज्ञा स्वतःच करते. म्हणून आदानापूर्वी ‘--’ ही पर्याय संपल्याची खूण घालावी.

(५) यादीत शब्द शोधताना ‘ग्रेप’ आज्ञेस ‘-एफ’ हा पर्याय द्यावा. एरवी रूपनिर्देशातील टिंब हे ‘कोणतेही अक्षर’ ठरते आणि तारकेला तिसराच अर्थ प्राप्त होतो. शोधाचे योग्य रूप असे :

ग्रेप -एफ -- "$शब्द" यादी

‘सेड’ने बदल करताना नव्या मजकुरातील ‘&’ म्हणजे जुना मजकूर असा अर्थ होतो, हेही ध्यानात असावे. प्रत्येक आज्ञेची स्वतःची भाषा असते. शेलपासून वाचलेला मजकूर पुढच्या भाषेत पुन्हा अडकू शकतो. माहितीसंचाकडे प्रश्न पाठवितानाही मूल्ये प्रश्नाच्या वाक्यात न जोडता स्वतंत्रपणे द्यावीत, त्याचे कारण हेच.

(६) ‘ईव्हॅल’ टाळावे. दुसरा शेल चालविणे अपरिहार्यच असेल, तर आज्ञा व मजकूर वेगळे पाठवावेत :

एसएच -सी 'ग्रेप -एफ -- "$१" यादी' _ "$शब्द"

येथे आज्ञेचे वाक्य स्थिर आहे आणि शब्द त्याच्या बाहेरून, पाहुण्यासारखा, आपल्या ठरलेल्या जागी येतो. दूरच्या यंत्राकडे मजकूर पाठवावयाचा असेल, तर तो आज्ञेच्या ओळीत न लिहिता प्रवाहाने द्यावा.

(७) फाइलीचे नाव आदानावरून ठेवू नये. नोंदीस अनुक्रमांक द्यावा व शब्द फाइलीच्या आत लिहावा. युनिक्समध्ये तिरपी रेघ (/) व शून्य बाइट सोडून कोणतेही चिन्ह नावात येऊ शकते, नवी ओळसुद्धा. म्हणून नावांची यादी एका आज्ञेकडून दुसरीकडे देताना ती शून्य बाइटने विभागावी. ‘फाइंड’ व ‘एक्सआर्ग्ज’ या आज्ञांत त्याची सोय आहे.

(८) वय, क्रमांक इत्यादी संख्या गणितात घालण्यापूर्वी तपासाव्यात. बॅश गणिताच्या जागी आलेला मजकूर पदावली म्हणून वाचतो, आणि त्यात दडविलेली आज्ञाही पार पाडू शकतो. येथे अवतरणाचा उपयोग होत नाही. शिवाय बॅशच्या गणितास देवनागरी अंक कळत नाहीत. निवेदकाचे वय ‘६२’ असे आले असेल, तर ते आधी रोमन लिपीबरोबर वापरल्या जाणाऱ्या अंकांत बदलावे. मूळ नोंद मात्र देवनागरीतच राहू द्यावी.

(९) हातानेच आज्ञा लिहिताना ‘सेट -सी’ ही आज्ञा प्रथम द्यावी. तिच्यामुळे ‘>’ हे चिन्ह अस्तित्वात असलेल्या फाइलीवर लिहिण्यास नकार देते, आणि एखाद्या व्युत्पत्तीने कोणाचा संग्रह पुसला जात नाही.

७. कसोटी

स्क्रिप्ट शुद्ध आहे की नाही, हे सोप्या शब्दांवर पाहून कळत नाही. ‘नागली’, ‘वरई’, ‘तारपा’ हे शब्द कोणत्याही सदोष स्क्रिप्टेतून सुखरूप पार पडतील. कसोटीसाठी मुद्दाम अडचणीची यादी करावी : एकटी तारका, ‘हात?’, ‘-ला’, ‘हस्त > हत्थ > हात’, डि'मेलो, दोन्ही प्रकारांनी लिहिलेला ‘दऱ्या’, आरंभी व शेवटी मोकळी जागा असलेली ओळ, उलटी तिरपी रेघ, रिकामी नोंद. ही यादी एका टोकाने आत सोडावी, दुसऱ्या टोकास निघालेली यादी मूळ यादीशी बाइटाबाइटाने ताडून पाहावी, आणि ती कसोटी दोनदा घ्यावी : एकदा रिकाम्या फोल्डरात, एकदा ‘हाती’सारखी नावे मुद्दाम ठेवलेल्या फोल्डरात. दोन्ही वेळा एकाही बाइटाचा फरक पडला नाही, म्हणजे ती स्क्रिप्ट विश्वासार्ह मानण्यास हरकत नाही. ‘शेलचेक’ हे साधन अवतरण राहून गेलेली बहुतेक ठिकाणे दाखवून देते. त्याचा उपयोग अवश्य करावा, परंतु भाषाशास्त्रीय संकेतांचे ज्ञान त्यास नाही हे विसरू नये.

संगणकशास्त्राचे ग्रंथ या विषयाचा विचार बहुधा यंत्राच्या रक्षणाच्या दृष्टीने करतात, आणि ती दृष्टी योग्यच आहे. बोलीच्या अभ्यासकास मात्र तीच शिस्त आणखी एका कारणासाठी पाळावी लागते. जव्हारच्या एखाद्या पाड्यावर ज्या माणसाने आपला शब्द आपल्या स्वाधीन केला, त्याने तो विशिष्ट उच्चारासह व विशिष्ट शंकेसह केलेला असतो. तो शब्द आज्ञेत मिसळू न देणे आणि तो शब्द तसूभरही बदलू न देणे, ही दोन्ही कामे दोन अवतरणचिन्हांच्या एकाच जोडीने साधतात. संकलनाच्या प्रामाणिकपणासाठी इतके स्वल्प श्रम पुरे पडावेत, ही या कामातील थोडक्या सोयींपैकी एक आहे. तिचा लाभ प्रत्येक स्क्रिप्टेत, प्रत्येक चलाभोवती, न चुकता घ्यावा.